बारा वाजताचा भोंगा

हेमलॉक फोर्क, पेनसिल्व्हेनिया
११ मार्च २०१८

प्रिय आर्लीनताईस,
सा. न. वि. वि.

काल शनिवार, म्हणून बाराला नेहमीप्रमाणे फोन केला. भोंगा नीट ऐकू आला ना? वारा उलट्या बाजूचा होता, त्यामुळे रिसीव्हर खिडकीबाहेर जरा जास्तच काढून धरावा लागला आणि हात गारठून गेला. बोललेलं तुला कळत नाही, आणि तुझं ते कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्ट्या मारतं. तेव्हा बोलायचं ते पत्रातच बरं. फायर हॉलच्या छपरावरचा भोंगा तुला ऐकू आला, की मर्ल अजून जिवंत आहे एवढं तुला समजतं. बाकीची हकिकत अशी.

बँकेचं पत्र आलंय. महिनाभरात माझं दुकानाचं खातं बंद करणार म्हणे. ज्या बँकेत बाबांनी खातं उघडलं तीच ही बँक. तिची पाटी मधल्या काळात कितीदा बदलली ते सोड. पत्र घेऊन गेलो. काउंटरवर लोइस होती, शाळेत तुझ्या मागे बसून तुझी गणितं उतरवायची तीच. तिने पत्र पहिल्यांदाच बघितल्यासारखं सगळं वाचलं. मग म्हणाली की हे वरून आलंय, वर म्हणजे कुठून ते तिच्या साहेबालाही ठाऊक नाही. माझ्या प्रकारचा धंदा आता त्यांना नकोय. माझा प्रकार कोणता, असं मी विचारलं. तेव्हा, मर्ल, ते माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस, असं म्हणून तिने मुलांसाठी ठेवलेल्या वाटीतली एक गोळी माझ्या हातावर ठेवली. मी ती गाडीत बसून खाल्ली.

तुला माझं दुकान माहीत आहे. मी काही तोफा विकत नाही. बंदुकांचे दस्ते तासतो, नळ्या साफ करतो, गंज काढतो. वर्षाकाठी थोड्या नव्या बंदुका विकतो, त्यातल्या बऱ्याचशा फायर हॉलच्या सोडतीत बक्षीस म्हणून जातात. त्या सोडतीवरच आपल्या गावचा बंब चालतो. पण बँक गेली की कार्डाचं यंत्र गेलं, आणि यंत्र गेलं की घाऊक व्यापारी मला साधा स्क्रूसुद्धा पाठवणार नाही. बँक नाही तर दुकान नाही, इतकं ते साधं आहे.

मागच्या भिंतीवरच्या ‘वाट बघणाऱ्या’ सगळ्या ठीक आहेत. गावातला कुणी गेला, की त्याची बायको त्याची रायफल माझ्याकडे आणून टांगते, नातवंडं शिकारीच्या वयाची होईपर्यंत. बाबांनी सुरू केलेली ही पद्धत मी मोडलेली नाही. नवीन वर्षाला सगळ्यांना तेलपाणी केलं. त्यांत बाबांची रायफलही आहे, तुझ्या नातीची, टेसाची वाट बघतेय. यंदा शरदात ती बारा वर्षांची होईल, म्हणजे शिकारीच्या वयाची. तू त्याबद्दल कधी अवाक्षर काढत नाहीस, म्हणून मीच काढलं.

कर्टिसला आणि टेसाला माझी आठवण सांग. तुझ्या लोभावर आजवर निभावलंय, पुढेही त्यावरच निभावायचंय.

तुझा,
मर्ल

*

कोलंबस, ओहायो
१९ मार्च २०१८

चि. मर्लला,
अनेक आशीर्वाद.

भोंगा ऐकला. इतका जोरात आला की कर्टिसचा कुत्रा सोफ्याखाली गेला. तुझ्या हाताला मोजे नाहीत का? आणि डॉक्टरांनी साखर बंद केलेली असताना गोळ्या कसल्या खातोस? लोइसला तरी कळायला हवं होतं. तिला गणित तेव्हाही येत नव्हतं.

तुझं पत्र मी जेवताना कर्टिसला वाचून दाखवलं. माझा मुलगा असूनही तो त्याच्या बँकेत नेमकं काय करतो ते मला कधी समजलेलं नाही. तुझी बँक वेगळी, त्याची वेगळी. पण पत्र संपेपर्यंत त्याने घास उचलला नाही. शेवटी एवढंच म्हणाला की असे निर्णय फिरत नसतात, मर्लमामाने एखादी लहान बँक बघावी.

आता एक गोष्ट लिहायची टाळत होते ती लिहिते. टेसाच्या शाळेत मधूनमधून दिवे घालवून मुलांना बाकाखाली गप्प पडून राहायला शिकवतात. कुणी बंदूक घेऊन शिरला तर काय करायचं, त्याची तालीम. परवा तशी तालीम झाली त्या दिवशी घरी येऊन तिने मला विचारलं की तुझा भाऊ काय काम करतो. मी सांगितलं, लाकूड तासतो. ते खोटं नाही, पण खरंही नाही. मला लाज तुझी वाटली नाही, माझ्या उत्तराची वाटली. बाबांच्या रायफलीबद्दल मी गप्प का, ते यावरून समजून घे.

तू सहासष्टचा झालास. इथे तळघरातली खोली रिकामी आहे, कोरडी आहे, खिडकीही आहे. दुकान बंद कर असं मी सांगतेय असं समजू नकोस. सांगतेय, पण तसं समजू नकोस.

प्रकृतीला जप. माया आहेच, तिची परतफेड मोजे घालून कर.

तुझी,
आर्लीन

*

हेमलॉक फोर्क
२२ एप्रिल २०१८

प्रिय आर्लीनताईस,
सा. न. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही, कारण रागावलो होतो. तळघराबद्दल आभार. पण तळघरात साठवायला मी बटाटा नाही.

टेसाबद्दल लिहिलंस ते मात्र मनातून जात नाही. तिला खरं ते सांग. हेही सांग की ज्याची नजर मला पटली नाही त्याला मी बंदूक विकलेली नाही, आणि त्यांतला एक आपला चुलतभाऊ होता, तो आजही माझ्याशी बोलत नाही. याने तिचं बाकाखाली पडून राहणं काही चुकणार नाही, हे मला कळतं.

कर्टिसचं ऐकून लहान बँका पालथ्या घातल्या. सगळीकडे माणसं इतकी गोड वागतात की भांडायलाही जागा सापडत नाही. एका टोकदार बुटांच्या पोराने मला कॉफी पाजली, ओढ्यातल्या ट्राउट माशांची चौकशी केली, मग धंदा विचारला, आणि त्यानंतर मी निघेपर्यंत तो आपल्या बुटांकडेच बघत होता. दुसरीकडे मला संगणकासमोर बसवलं. धंद्याच्या रकान्यात बंदुका म्हणून टाकल्याबरोबर त्याने माझे आभार मानले आणि पडदा कोरा झाला. शिक्षकांच्या पतपेढीला मी हवा होतो, पण त्यांचे पैसे ज्या मोठ्या बँकेत असतात तिने डोळे वटारले. म्हणजे बँकेलाही बँक असते, ताई, आणि तिच्या डोक्यावर आणखी कुणीतरी. त्या कुणीतरीचा पत्ता कुणापाशी नाही.

पण आता चांगली बातमी. मागे एका रविवारी फायर हॉलमध्ये पॅनकेकची न्याहारी होती. आमचा बंबप्रमुख हार्लन माझ्या बशीत सिरप ओतता ओतता म्हणाला की डोक्याला हात लावून काय बसलास, फायर हॉलचं खातं आहे की. सोडतीचे निम्मे पैसे नाहीतरी बंदुकांपोटी तुझ्याकडेच येतात, तुझी विक्रीही त्यातच भर, हिशेब ठेवणारी आपली वॅन्डा तुझं तुला काढून देईल. इथली रीत तुला ठाऊक आहे. ज्याच्या ट्रकला बर्फ लोटायचा फाळ आहे तो साऱ्या गल्लीचा बर्फ लोटतो, विचारत बसत नाही. मी हो म्हटलं.

तर आता फायर हॉलचं कार्डाचं यंत्र माझ्या काउंटरवर आहे. पावतीवर अग्निशमन दलाचं नाव येतं. गिऱ्हाइकं विचारतात की चाप दुरुस्त केलास की आग विझवलीस. वॅन्डा दर सोमवारी सगळं बँकेत भरते, माझं आणि त्यांचं वेगवेगळं लिहून ठेवते, तिचं अक्षर तुला आठवत असेल. दुसऱ्या गावचा एक वापरलेला पण चांगला बंब घ्यायचा ठरलाय, त्याचं कर्जही जवळपास मंजूर झालंय. हॉलमध्ये बंबाचा फोटो लावलाय आणि हार्लन येता-जाता त्याची काच पुसतो. खूप दिवसांनी मला दोन घास गोड लागले.

लोभ आहे, तो तळघरात ठेवू नकोस.

तुझा,
मर्ल

*

कोलंबस
२७ एप्रिल २०१८

चि. मर्लला,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितेय. पत्र वाचून खिशात घालू नकोस. वाच आणि ऊठ.

तुझं पत्र कर्टिसला वाचायला दिलं. वाचता वाचता तो उभाच राहिला. तो म्हणतो, आजच्या आज यंत्र परत कर. मंगळवारी सकाळी एका खेड्यातला फायर हॉल एवढे पैसे घेत नसतो, हे बँकेच्या संगणकाला दिसतं. ते तुला विचारायला येणार नाहीत, त्यांच्या लेखी तू कधीच संपलास. ते फायर हॉलला धरतील.

मी विचारलं, तुला हे इतकं कसं ठाऊक. तो बशी पुसत होता. पुसता पुसताच म्हणाला की दिवसभर तो हेच करतो. संगणकाने कुठल्या दुकानांकडे बघायचं, काय दिसलं की दार लावायचं, ते त्याच्या खात्यातली माणसं ठरवतात. तुझं दार त्याने लावलेलं नाही. पण त्याच्या हातून लागलेल्या दारांमागेही तुझ्यासारखे कुणी असतील, हे त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं. या हाताने वाढवलेला मुलगा, मर्ल.

तो वाईट नाही. सकाळी टेसाला शाळेत सोडल्यावर तो निघत नाही, असं शेजारीण सांगते. शाळेचं दार आतून लागेपर्यंत गाडीत बसून राहतो, आणि लागल्यानंतरही बसून राहतो. तिथे त्याला काही करता येत नाही. मग ऑफिसात जाऊन जे करता येतं ते करतो. मला तो कळतो आणि तूही कळतोस, आणि दोघे कळत असल्यामुळे माझी झोप उडाली आहे.

यंत्र परत कर. माझं ऐकलंस तर माया दुप्पट, नाही ऐकलंस तरी तेवढीच.

तुझी,
आर्लीन

*

हेमलॉक फोर्क
१७ जून २०१८

प्रिय आर्लीनताईस,
सा. न. वि. वि.

मी पत्र खिशात घातलं.

टर्कीच्या शिकारीचा हंगाम होता, दुकानात उसंत नव्हती. सोडत तोंडावर आली होती, तिकिटं खपली होती. म्हटलं, सोडत होऊ दे, मग यंत्र नेऊन देतो. आणि खरं सांगायचं तर कर्टिसचं मला पटलं नाही. गावच्या बंबवाल्यांना कुणी हात लावील, हे मला शक्यच वाटलं नाही.

सोडत झकास झाली. कोंबड्या भाजल्या, वॅन्डाने बटाट्याचं सॅलड केलं, लोकांच्या गाड्यांची रांग नदीपर्यंत गेली. त्यानंतर बँकेने वॅन्डाला लेखी विचारलं की हे जादा पैसे कसले. आता दुसऱ्या कुणी काहीतरी थाप मारली असती. वॅन्डाने तिच्या त्या सुंदर अक्षरात कळवलं की यातले अमुक आमचे आणि अमुक मर्लचे, कारण तुम्हीच त्याचं खातं बंद केलंत आणि त्या बिचाऱ्याला जायला जागा नव्हती. सोबत पुढच्या सोडतीचं एक तिकीटही जोडलं, वाचणाऱ्याला भेट म्हणून. आपल्या माणसांना लपवता येत नाही, ताई. आपण काही वावगं करतोय असंच आमच्यापैकी कुणाला वाटलं नव्हतं.

फायर हॉलचं खातं बंद झालं आणि बंबाचं कर्ज त्याच पत्रात गेलं. दुसरी बँकही खातं उघडून देत नाही, काय झालं होतं ते आधी विचारतात, आणि वॅन्डा पुन्हा खरं सांगते. सरकारी अनुदान मंजूर होऊन पडलंय, पण ते यायला खातं लागतं. जुन्या बंबाचा पंप पाणी ओढत नाही, नुसता खोकतो. हार्लनने भिंतीवरचा फोटो उतरवला. टाकला नाही, कपाटात ठेवलाय.

मला कुणी एक शब्द बोललेलं नाही. उलट दारात शिजवलेली भांडी येतात, जणू माझ्या घरात कुणी वारलंय. हार्लन अजूनही आधी माझ्या कपात कॉफी ओततो. त्याने चारचौघांत मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्याचे पाय धरले असते. माझं दुकान वाचवायला गेलो आणि गावचा बंब घालवला. हे माझ्यामुळे झालं, आणि ते कसं निस्तरायचं ते मला दिसत नाही.

कर्टिसला सांग, त्याचं बरोबर होतं. लोभ ठेव, मी त्याच्या लायक आहे की नाही ते बघू नकोस.

तुझा,
मर्ल

*

कोलंबस
१ जुलै २०१८

चि. मर्लला,
अनेक आशीर्वाद.

सोबत चेक आहे. माझ्या पेन्शनीतला आहे, परत पाठवलास तर मी तिकडे येऊन तुझ्या दारात बसेन.

मी कर्टिसला म्हटलं की कुणाशी तरी बोल. तो म्हणाला, बोललोय. तुझ्या त्या बँकेत त्याच्या ओळखीचा एकजण आहे, त्याला फोन केला होता. त्याने जे उत्तर दिलं तेच कर्टिसने त्याच्या जागी दिलं असतं, शब्दसुद्धा तेच. एवढं सांगून तो अर्ध्या जेवणावरून उठला. त्याचं बरोबर होतं असं तू कळवलंस, ते मी त्याला सांगितलं नाही. त्याला ते सोसवलं नसतं.

बाबांच्या रायफलीचं मी टेसाला विचारलं. तू म्हणालास तसं खरं काय ते सगळं सांगितलं. तिने खूप विचार केला. मग म्हणाली की तिला ती हातात धरायची नाही, पण मामाआजोबांना वाईट वाटेल असं सांगू नकोस. तुझ्यासाठी एक हरणाचं चित्र काढून दिलंय, पाय जरा आखूड झालेत. मी तिला आग्रह केला नाही. बाबा असते तर माझ्यावर चिडले असते, तिच्यावर नसते चिडले.

शनिवारचा भोंगा मात्र चुकवू नकोस. आठवड्यात एवढंच काय ते मला पुरतं ऐकू येतं. आशीर्वाद आहेतच, जेवत जा.

तुझी,
आर्लीन

*

हेमलॉक फोर्क
२ डिसेंबर २०१८

प्रिय आर्लीनताईस,
सा. न. वि. वि.

इतके महिने नुसतं बरं आहे, बरं आहे अशी कार्डं टाकत राहिलो. आता सगळं लिहितो.

तुझा चेक मिळाला होता. पण तो भरू कुठे, ताई? माझं घरखर्चाचं खातं तरी राहील असं लोइस म्हणाली होती, तेही त्यांनी उन्हाळ्यात बंद केलं. चेक स्वयंपाकघरात टाचणीने लावलाय. त्याच्याशेजारी टेसाचं हरीण आहे. पाय आखूड नाहीत, ते बर्फात उभं आहे असं तिला सांग. मला वाईट वाटलं नाही असंही सांग. वाटलं, पण ते सांगू नकोस.

ऑक्टोबरअखेर दुकान बंद केलं आणि बंदुकांच्या धंद्याचा परवाना परत पाठवला. त्याआधी वाट बघणाऱ्या सगळ्या घरोघर पोहोचवल्या. म्हाताऱ्या बायका दारातच रायफल घेऊन उभ्या राहायच्या, कुठे ठेवू म्हणून मलाच विचारायच्या. एकीला तर वाटलं की मी तिचा नवराच परत आणून दिलाय, तिने मला आत बोलावून त्याच्या खुर्चीत बसवलं. बाबांची रायफल माझ्या घरी दारामागे उभी आहे. आता ती कुणाचीच वाट बघत नाही.

गेल्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. शिकारीची सुट्टी म्हणून शाळा बंद, गिरणी बंद, सगळं नेहमीसारखं. पहाटे दुकानाचा दिवा नव्हता तरी सवयीने माणसं आली. कुणाचा चाप अडकलेला, कुणाची दुर्बीण हललेली. मी बाहेर जाऊन सांगितलं की आता परवाना नाही, मला हात लावता येत नाही. ते थर्मासातली कॉफी संपेपर्यंत माझ्याभोवती उभे राहिले, हवेबद्दल बोलले आणि जंगलात गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या दिवशी माझ्या हाताला तेलाचा वास नव्हता.

फायर हॉलचीही सभा झाली. आपलं दल डोंगरापलीकडच्या दलात विलीन करायचं ठरलं. इथे आग लागली तर त्यांचा बंब घाट उतरून येईल. घाटात बर्फ असेल तर काय, हे कुणी विचारलं नाही, सगळ्यांना ठाऊकच आहे. हात वर करायची वेळ आली तेव्हा वॅन्डाने सर्वांत शेवटी केला, आणि मग बराच वेळ खाली घ्यायला विसरली. मी हात वर केला नाही आणि खालीही ठेवला नाही, टोपी धरून बसलो.

परवा शुक्रवारी छपरावरचा भोंगा उतरवला. दोन माणसं शिडी घेऊन आली आणि चहाच्या वेळेआधी काम उरकून गेली. भोंगा गवतावर ठेवला होता. एवढा लहान असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

काल शनिवार. मी घड्याळ बघितलं, बाराला तुझा नंबर फिरवला, तू उचललास हे कळलं, आणि सवयीने रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. भोंगा जेवढा वाजायचा तेवढा वेळ धरला. मग ध्यानात आलं. रिसीव्हर आत घेऊन मी तुला हाका मारल्या, पण तुला त्या कशा ऐकू जाणार. तू घाबरली असशील. मर्ल गेला असं तुला वाटलं असेल, म्हणून आज लगेच हे लिहायला बसलोय.

मी आहे. येत्या शनिवारी बाराला फोन करीन, त्याच्या पुढच्याही करीन. वाजणार काही नाही. तरी उचल, आणि भोंगा असता तेवढा वेळ कानाला धरून ठेव. लोभ असेल तर एवढं कर.

तुझा,
मर्ल